न वाचता केलेली सही

"पाच वर्षं काय केलंत?" गायधनी बाईंनी विचारलं.

"काही नाही. घरीच होते."

"घरी काही न करता पाच वर्षं बसलेली बाई मी अजून पाहिली नाही. नीट सांगा. मला वेळ आहे. तुम्हाला नसेल तर दार उघडंच आहे."

नोकरी मागायला आलेल्या माणसाशी असं कुणी बोलतं का? मला असा राग आला म्हणून सांगू! पण उठून जायची सोय नव्हती. सातपूरला आयटीआय सिग्नलजवळ, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ही एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी कपाट आणि कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण. बाई साठीच्या आसपासच्या. एका कारखान्यात तीस वर्षं माणसं भरती करून निवृत्त झाल्या आणि मग हेच काम स्वतःच्या नावाने करू लागल्या. त्यांचा कागद गेला की सातपूर-अंबडमधले कारखाने तो निदान उघडून तरी बघतात, असं चार जणांनी सांगितलं होतं. म्हणून मी आले होते.

"मुलगी आहे माझी," मी म्हटलं. "गार्गी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांना मशीन आहे. तिला बोलायला शिकवत होते."

"कसं?"

"कसं म्हणजे? रोज."

"रोज काय करायचात ते सांगा."

मग मी सांगितलं. डिप्लोमा झाल्यावर सहा वर्षं मी एका कारखान्याच्या गेज रूममध्ये होते. कारखान्यातली माणसं ज्या साधनांनी माप घेतात, ती साधनंच बरोबर आहेत का, हे तपासायचं माझं काम. मग गार्गी झाली. दहा महिन्यांची असताना तिच्या शेजारी कुकरची शिट्टी झाली आणि पोरीने मान वळवली नाही. त्या महिन्यात मी राजीनामा दिला. मशीन बसवल्यावर थेरपीच्या ताईंनी एक चाचणी शिकवली. रोज सकाळी, दिवस सुरू व्हायच्या आधी, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरायचा आणि सहा आवाज काढायचे. आ, ऊ, ई, श, स, म. आधी तीन फुटांवरून, मग सहा, मग दहा. पोरीला काय ऐकू आलं ते तिने म्हणून दाखवायचं आणि आपण वहीत लिहायचं. एखादा आवाज गेला की समजायचं, मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय.

"वह्या आहेत?" बाईंनी विचारलं.

"सात आहेत."

"उद्या घेऊन या."

म्हातारीचं डोकं फिरलंय, असं म्हणत मी जिना उतरले. पण दुसऱ्या दिवशी पिशवीत सात वह्या घालून नेल्या. बाईंनी तासभर एकेक पान उलटलं. चहा सोडा, पाणीसुद्धा विचारलं नाही. मग वह्या परत केल्या आणि एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला.

"वाचा आणि सही करा."

गार्गीची शाळा सुटायला पंचवीस मिनिटं राहिली होती. मी सही केली.

"वाचलंत?"

"हो," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "एका कंपनीत एकाच दारातून जायचं, एवढंच आहे त्यात. एकाच माणसाचा बायोडेटा दोन एजन्सींकडून आला की कमिशन कुणाचं यावरून भांडण लागतं. कंपनीला ते नको असतं. ती दोन्ही कागद कचऱ्यात टाकते आणि माणूस बसतो घरी. दुसऱ्या कुणाला बायोडेटा द्यायचा असेल तर द्या, पण मला आधी कळवा."

"हो हो," म्हणत मी जिन्यात पोचलेसुद्धा होते.

माझी घाई कशाची होती तेही सांगते. माझे मिस्टर, रत्नाकर, ज्या कारखान्यात होते तो मार्चमध्ये बंद पडला होता. नांदगावला मोठ्या दिरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणाले, या इकडे, दोघं भाऊ मिळून चालवू. माणूस चांगला, बोलावणंही मनापासून होतं. पण गार्गीला आत्ताच कुठे नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात घेतलं होतं. बोरसे मॅडम तिला पहिल्या बाकावर बसवायच्या आणि फळ्याकडे तोंड करून एक शब्द बोलायच्या नाहीत. थेरपीच्या ताई चालत दहा मिनिटांवर. नांदगावला यातलं काय होतं? आमचं दोघांचं ठरलं, पंधरा जूनला शाळा सुरू होते, त्याआधी दोघांपैकी एकाला नोकरी लागली तर नाशिक, नाही तर टेम्पो बोलवायचा. रत्नाकरांनी रद्दीवाल्याकडून खोकी आणून गॅलरीत रचूनही ठेवली होती. ती खोकी बघितली की माझं डोकं तडकायचं.

दहा दिवस गायधनी बाईंचा फोन नाही. अकराव्या दिवशी मी कॉलेज रोडला गेले. तिथे काचेचं दार, एसी, आणि मयुरेश सोनजे नावाचा पस्तिशीचा गोडबोल्या माणूस. हा गृहस्थ 'मॅडम' म्हटल्याशिवाय श्वास घेत नसे.

"मॅडम, तुमचा अनुभव एक नंबर आहे. फक्त ही पाच वर्षं. एवढा मोठा खड्डा बघितला की एचआरवाले पुढे वाचतच नाहीत, मॅडम."

"मग काय करायचं?"

"खड्डा बुजवायचा," तो हसून म्हणाला आणि टकाटक टाइप करायला लागला.

मी समोरच बसले होते. पडद्यावर अक्षरं उमटताना मला दिसत होती. 'शिवतेज एंजिनिअर्स, सिन्नर. क्वालिटी असिस्टंट. पाच वर्षं.'

"हे कोण?"

"मावसभाऊ आहे माझा. फोन आला तर हो म्हणेल. सगळेच करतात, मॅडम."

मी नको म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. प्रिंट काढल्यावर तो कागद इतका छान दिसत होता! कुठे फट नाही, कुठे स्पष्टीकरण नाही. मला वाटलं, ही बाई मी असते तर एव्हाना इन्चार्ज झाले असते.

"कोणत्या कंपनीत पाठवणार?"

"ते नाही सांगता येत, मॅडम. नाव सांगितलं की लोक थेट जातात. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी कळवतो. तोवर एवढंच समजा, नामांकित कंपनी."

"कुठेही पाठवा," मी म्हटलं. गायधनी बाईंना कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं, पण त्या बाईचं तोंड आठवलं आणि मी फोन खाली ठेवला.

जूनच्या पहिल्या सोमवारी गायधनी बाईंचा फोन आला. "अचल प्रिसिजन, अंबड. गुरुवारी अकरा वाजता. क्वालिटीचे प्रमुख सॅम्युअल पंडित आहेत, त्यांना भेटायचं. साडी नेसा नाहीतर ड्रेस घाला, पण बांगड्या नकोत. मापाच्या कामाला आडव्या येतात."

मंगळवारी मयुरेशचा फोन. शुक्रवारी दहा वाजता, कंपनी सकाळी कळवतो. दोन दोन इंटरव्ह्यू! मी त्या संध्याकाळी शिरा केला आणि गॅलरीतली खोकी रत्नाकरांना खाली ठेवायला लावली.

बुधवारी दुपारी गायधनी बाईंचा पुन्हा फोन. "ताबडतोब या."

गेले तर बाई उभ्याच होत्या. "अचलमध्ये तुमचा दुसरा बायोडेटा कुठून गेला?"

मला आधी काही कळेचना. मग आठवली, मयुरेशची नामांकित कंपनी!

"मला नाव सांगितलं नव्हतं हो त्यांनी. खरंच सांगते."

"तेवढ्यासाठीच तर सही घेतली होती. कळवलं असतंत तर मी विचारलं असतं कुठे पाठवतोयस म्हणून. आता त्यांच्या एचआरचा फोन आला. एकच नाव, दोन एजन्सी. उद्याचं रद्द. आणि दुसऱ्या कागदावर तुम्ही पाच वर्षं सिन्नरला नोकरी करत होतात म्हणे." बाईंचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "माझ्याकडे तुमची सही आहे, तारीख आधीची आहे. मी भांडले तर कदाचित माझा कागद राहील. पण कशासाठी भांडू? या आता."

रडत घरी जायचं हे माझ्या रक्तात नाही. मी तशीच रिक्षा करून कॉलेज रोड गाठला आणि मयुरेशसमोर उभी राहिले.

"अहो, रिलॅक्स, मॅडम," तो म्हणाला. "यात काय एवढं? एक मेल टाकायचा. त्या गायधनींना मी माझा सीव्ही पाठवायची परवानगी कधीच दिली नव्हती, त्यांनी परस्पर पाठवला, असं. दोन ओळी. त्यांचा कागद बाद, आपला चालू. एचआरमध्ये माझी ओळख आहे. शुक्रवार पक्का."

"पण मी सही केली आहे."

"कागदावर ना? तो काय कोर्टात जाणारे? म्हातारी एक दिवस ओरडेल, मॅडम. तुम्हाला नोकरी हवीय की त्यांचं सर्टिफिकेट?"

त्याने मेल स्वतःच टाइप करून माझ्या फोनवर पाठवला. मला फक्त अचलच्या एचआरला पुढे पाठवायचा होता. "उद्या दुपारी बारापर्यंत टाका," तो म्हणाला.

घरी आल्यावर रत्नाकरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाठवून टाक, वैजू. कोण त्या बाई? आपल्याला पुन्हा कुठे तोंड दाखवायचंय त्यांना? पोरीची शाळा बघ."

"अहो, पण खोटं..."

"मी कुठे म्हणतो खरं आहे म्हणून?" त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला पुढे बोलवेना.

गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे गार्गीला समोर बसवलं. मनाशी ठरलंच होतं, चाचणी झाली की मेल पाठवायचा. तोंडासमोर कागद धरला. "आ." "आ," ती म्हणाली. ऊ झालं, ई झालं, श झालं. मग मी "स" म्हटलं.

गार्गी गप्प.

पुन्हा म्हटलं. तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. पाच वर्षांत तिला हा क्रम तोंडपाठ झाला होता. 'श' नंतर काय येतं हे तिला झोपेतसुद्धा माहीत होतं. नुसतं "स" म्हटलं असतं तर मी वहीत टिक केली असती आणि तिला खेळायला जाता आलं असतं. मैत्रीण दारात उभी होती.

"नाही आलं," गार्गी म्हणाली. "आई, नाही आलं."

हे मीच शिकवलं होतं तिला. ऐकू आलं नाही तर नाही म्हणायचं, अंदाजाने सांगायचं नाही. तीन वर्षांची असताना ती भरपूर अंदाज मारायची आणि मी तिच्यावर केवढी ओरडायचे! मी तिची दोन्ही मशीन काढून पाहिली. दोन्ही बॅटऱ्या उतरत आल्या होत्या. नव्या घातल्या, पुन्हा "स" म्हटलं, तिनेही म्हटलं आणि पळाली. मी वहीत लिहिलं, तारीख घातली. मग फोन उचलला आणि तो मेल पुसून टाकला.

"कुठे निघालीस?" रत्नाकरांनी विचारलं. मी ड्रेसवर ओढणी घेत होते.

"अंबडला. अकराला बोलावलंय."

"अगं, रद्द झालंय ना?"

"त्यांनी केलं असेल. मी नाही केलेलं," मी म्हटलं आणि हातातल्या बांगड्या काढून फ्रिजवर ठेवल्या.

अचलच्या गेटवर वॉचमनच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी म्हटलं, आत फोन लावा. त्याने लावला. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, त्यांना सांगा जायला. मी म्हटलं, त्यांना सांगा, मी इथेच बाकावर बसते, पंडित साहेबांना जेवायला बाहेर पडताना भेटते. वॉचमन बिचारा माझ्याकडून फोनकडे आणि फोनकडून माझ्याकडे बघत राहिला. तिसऱ्या फोनला आतून कुणीतरी म्हणालं, पाठवा.

पंडित साहेब उंच, सावळे, बारीक फ्रेमचा चष्मा. टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी ठेवलेले. एकाला वर एक हाताने लिहिलेली चिठ्ठी टाचणीने लावलेली.

"बसा. या दोन वैजयंती खैरनार आहेत," ते म्हणाले. "इथे कोणत्या आल्यात?"

"टाचणीवाली," मी म्हटलं. "दुसरा कागद खोटा आहे. मी सिन्नरला एक दिवसही काम केलेलं नाही. आणि एजन्सीने फसवलं असं म्हणायची मला सोय नाही. तो टाइप होताना मी समोर बसले होते."

"मग काही बोलला का नाहीत?"

"छान दिसत होता."

ते हसले नाहीत. टाचणीचा कागद उचलून त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "ही वाचलीत?"

मी कशी वाचणार? बाई प्रत्येक बायोडेटाला स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी जोडतात, एवढं ऐकून होते. निळ्या शाईत ठसठशीत अक्षर होतं. 'पाच वर्षं घरी. मुलीचं श्रवणयंत्र रोज सकाळी तपासलं, तीन अंतरांवरून, नोंदीसह. सात वह्या मी स्वतः पाहिल्या. एकाही दिवसाचा खाडा नाही. ताप असतानाची नोंदही आहे. जिथे ऐकू आलं नाही तिथे तसंच लिहिलं आहे, खाडाखोड नाही. गेज रूमला असं माणूस हवं असेल तर भेटावं. नलिनी गायधनी.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आवरलंच नाही. याच बाईंना मी घरी आल्यावर म्हातारी, खडूस, काय काय म्हटलं होतं.

पंडित साहेब उठले. "चला."

मापाची खोली काचेची, थंड. त्यांनी ट्रेमधून एक पोलादी गोल तुकडा आणि एक मायक्रोमीटर माझ्यापुढे ठेवला. "व्यास सांगा. साडेबाराला मला मीटिंग आहे."

मी तुकडा उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"काय झालं?"

"गरम आहे अजून. आत्ताच मशीनवरून आलाय. आत्ता मोजला तर जास्त भरेल. या खोलीत तासभर राहू द्या, गार झाला की सांगते."

"मला तासभर नाही."

"मग उद्या येते. पण आत्ता आकडा नाही सांगणार."

घड्याळात अकरा पस्तीस. "बाहेर बसा," ते म्हणाले आणि निघून गेले.

काचेबाहेर एक खुर्ची होती. तिथून तो तुकडा दिसत होता. तासभर मी त्याच्याकडे बघत बसले. जाऊन सांगून टाकावा का एखादा आकडा, असं निदान चार वेळा मनात आलं. पावणेबाराला फोन थरथरला. मयुरेश.

"मॅडम, मेल नाही आला अजून."

"येणार नाही. आणि तो सीव्ही मागे घ्या. तो माझा नाही."

"मॅडम, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. आता कुठेच लागणार नाही तुम्हाला, माझ्याकडून तरी नाही."

"चालेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नांदगावचा टेम्पो मला दिसायला लागला होता. गार्गी पुढे दोघांच्या मध्ये बसलेली.

साडेबाराला पंडित साहेब आले. मीटिंगचं काय झालं ते मी विचारलं नाही. मी आत जाऊन आधी मायक्रोमीटरचं शून्य बघितलं, मग तुकडा तीन ठिकाणी मोजला, कागदावर तिन्ही आकडे लिहिले, खाली वेळ आणि खोलीचं तापमान लिहिलं. त्यांनी कागद खिशात घातला. "दोन एजन्सींचा माणूस आम्ही घेत नाही, हा इथला नियम आहे. मी बघतो," एवढंच म्हणाले.

शनिवारी फोन आला. सोमवारपासून या.

मी नाचायचीच बाकी होते! रत्नाकरांनी त्याच क्षणी खोकी रद्दीवाल्याला परत नेऊन दिली. गार्गीने मधेच "कोण पास झालं?" म्हणून विचारलं. संध्याकाळी अर्धा किलो पेढे घेऊन मी सातपूरचा जिना चढले.

गायधनी बाईंनी बॉक्सकडे पाहिलंही नाही. "कशाचे?"

"अचलमध्ये लागले. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे नाही. तुमच्या बायोडेटावर माझं नाव नाही आता, विचारा हवं तर. आणि सही मोडलेल्या माणसाचे पेढे मी घेत नाही. न्या परत."

"बाई, चुकले मी. माफी मागायला..."

"मागितलीत. झालं. दार लावून घ्या जाताना."

मी संतापाने लाल झाले. पेढे घरी आणले आणि रत्नाकरांना म्हटलं, एवढा कसला ताठा! मेली भांडून कमिशन घेऊन मोकळी झाली असेल आणि वर मलाच ऐकवते. ती चिठ्ठी वाचून डोळ्यांत पाणी आणणारी मीच होते, हे त्या रागात विसरूनही गेले. त्यानंतर तेरा वर्षं त्या जिन्याकडे मी फिरकले नाही. आयटीआय सिग्नलला रिक्षा थांबली तरी मान दुसरीकडे वळवायचे.

गेल्या महिन्यात पंडित साहेब निवृत्त झाले. आता मापाची खोली माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवशी त्यांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, आणि एक जुनी फाईल. "ही तुमची. आता तुमच्याकडेच राहू द्या."

आत माझ्या आकड्यांचा तो कागद होता. त्याच्याखाली गायधनी बाईंचा छापील कागद, खाली माझी घाईतली वाकडी सही. संपूर्ण कागदावर निळ्या शाईची एक तिरपी रेघ मारलेली आणि मोकळ्या जागेत त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'या उमेदवारावर माझा हक्क नाही. दुसऱ्या एजन्सीचा कागद खोटा असल्याने तिचाही नाही. ही बाई आज बोलावणं नसताना स्वतः चालत आली आहे. तिला थेट आलेली समजावं. नलिनी गायधनी.' खाली तारीख, गुरुवारची. वेळ, बारा वाजून दहा मिनिटं.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी काचेबाहेर बसून पोलादाच्या तुकड्याकडे बघत होते.

"मी फोन केला होता त्यांना," पंडित साहेब म्हणाले. "म्हटलं, तुमची उमेदवार गेटवर धरणं धरून बसली होती, आता माप सांगायला तासभर मागतेय. काय करू? रिक्षाने आल्या. पुढच्या ऑफिसात बसून हे लिहिलं आणि गेल्या. स्वतःचं कमिशन सोडल्याशिवाय नियमात बसवता येत नव्हतं तुम्हाला."

"मला का नाही सांगितलंत? तेरा वर्षं!"

"त्यांनीच बजावलं होतं. म्हणाल्या, सांगितलंत तर ही पुढच्या वेळीही न वाचता सही करेल."

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली. गार्गीचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष संपलंय, तीही नोकरी शोधतेय. तिला बरोबर घेतलं. खाली चष्म्याचं दुकान तसंच आहे. बाई पंचाहत्तरीच्या झाल्यात, केस पांढरे शुभ्र, टेबल तेच. मला त्यांनी लगेच ओळखलं, पण तसं दाखवलं नाही.

मी त्यांच्यापुढे ती फाईल ठेवली. त्यांनी उघडली, बघितली, मिटली.

"यासाठी एवढ्या लांब आलात?"

"नाही. हिच्यासाठी."

बाईंनी गार्गीकडे, तिच्या कानांकडे पाहिलं. "नाव?"

"गार्गी रत्नाकर खैरनार," पोरगी म्हणाली. तिचा ग अजून जरा घोगरा येतो, पण खणखणीत येतो.

बाईंनी ड्रॉवर उघडला आणि तोच छापील कागद तिच्यापुढे सरकवला. "वाचा आणि सही करा."

गार्गीने कागद उचलला. एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. मला उगाचच घाम फुटला. शेवटपर्यंत पोचली, पुन्हा मधे गेली, मग मान वर केली.

"यात लिहिलंय, 'आधी कळवीन'. आधी म्हणजे किती आधी? बायोडेटा द्यायच्या आदल्या दिवशी चालेल, की त्याच दिवशी?"

चाळीसहून जास्त वर्षं माणसं भरती केलेल्या त्या बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "लिहा तसं बाजूला. मग करा सही."

गार्गीने लिहिलं, सही केली, तारीख घातली. बाईंनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून पाहिलं.

"खैरनार बाई," त्या म्हणाल्या, "ते पेढे आणा आता."